मोसंबीच्या सालीचा कोळसा

सरांशी हात मिळवला की आपला तळवा काळा व्हायचा. त्यांनी कितीही साबण लावला तरी नखांच्या कडेला आणि बोटांच्या पेरांत कोळसा राहायचाच. म्हणून ते पांढरा शर्ट कधी घालत नसत. गडद निळा, गडद हिरवा, नाहीतर सरळ काळाच. एकदा स्टाफरूममध्ये प्राचार्यांनी गमतीनं विचारलं, "सर, रोज रोज निषेध कुणाचा?" सरांना विनोद लवकर कळत नसे. ते म्हणाले, "निषेध न्हाई. हा रंग धुवायला बराबर पडतो."

आमच्या जालन्यातल्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी, आणि शेवटी त्यांच्याच विभागात, शेजारच्या टेबलावर. तिन्ही वेळा त्यांनी मला "ओ बाई" अशीच हाक मारली. मी नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी 'मॅडम' म्हणतील. म्हणाले नाहीत. आज कॉलेजात सगळे मला मॅडम म्हणतात आणि ती हाक ऐकली की मी मागं वळून बघते, कुणाला मारली म्हणून.

त्यांचं घराणं केदारखेड्याकडचं, मुळात मेंढरं राखणारं. वडिलांच्या काळात मेंढरं मोडून शेती धरली, आणि सर शिकून शहरात आले. पण बोली त्यांनी बदलली नाही. वर्गात "कार्बन हे अधातू मूलद्रव्य आहे" अशी पुस्तकातली सुरुवात व्हायची आणि दुसऱ्याच वाक्याला सर "आता हे कामून व्हतं ते बघा" वर यायचे. शहरातली पोरं पहिले काही दिवस हसायची. मग त्यांच्या लक्षात यायचं की पुस्तकातलं वाक्य कळलं नव्हतं आणि हे कळलं.

सरांचं सगळं संशोधन मोसंबीच्या सालीवर होतं. आमच्याकडं मोसंबीला तोटा नाही, आणि ज्यूसच्या गाड्यांमागं सालींचे ढीग पडलेले असतात. सर कॉलेज सुटल्यावर मोपेडच्या मागं रिकामं पोतं बांधून गाडी-गाडीशी थांबायचे आणि साली भरून घ्यायचे. मस्तगड भागातल्या एका ज्यूसवाल्याची कितीतरी वर्षं अशी समजूत होती की प्राध्यापकसाहेबांनी घरी बकऱ्या पाळल्या आहेत.

"सर, बकऱ्या किती झाल्या?"

"लई झाल्यात. आन् लई खातात," सर म्हणायचे. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. प्रयोगशाळेमागच्या शेडातल्या त्यांच्या भट्टीलाच ते बकरी म्हणायचे. ईद जवळ आली की तो बिचारा हळूच विचारायचा, "एखादा बोकड देता का सर? पैसे रोख." तेव्हा मात्र सर गोंधळून मोपेडला किक मारायचे.

भट्टी म्हणजे लोखंडाचा एक बंद डबा. वाळवलेल्या साली त्यात दाबून भरायच्या, हवा लागू द्यायची नाही आणि बाहेरून तापवायचं. हवा लागली तर राख, नाही लागली तर कोळसा. मग तो कोळसा अ‍ॅसिडमध्ये उकळायचा, धुवायचा, पुन्हा वाळवायचा. एवढी उस्तवार कशासाठी, तर पाण्यात विरघळलेलं शिसं, निकेल, क्रोमियम असले धातू या कोळशाला चिकटतात आणि पाणी स्वच्छ होऊन खाली उतरतं. साध्या कोळशाला ते फारसे चिकटत नाहीत. का, हे सर असं सांगायचे:

"साधा कोळसा म्हंजे नुसत्या खोल्याच खोल्या. पाहुणा आला, बसला, निघून गेला. त्याला अ‍ॅसिड दिलं की दर खोलीच्या दारात एक माणूस उभा राहतो. शिसं दारावरून चाललं की हाताला धरून आत ओढतो. हा दारातला माणूस म्हंजे आपलं सगळं शास्त्र."

माझ्या तोंडी परीक्षेत त्यांनी मला विचारलं, अधिशोषण म्हणजे काय. मी पाठ केलेली व्याख्या सुरू केली. सरांनी टेबलावरून हात पुढं केला, माझा हात धरला आणि म्हणाले, "सोडवून घ्या." मी ओढला. सुटेना. बाहेरून आलेले परीक्षक अवघडून दुसरीकडं बघायला लागले. "हे अधिशोषण," सर त्यांना म्हणाले, "पाण्यानं नुसतं धुतलं तर सुटत न्हाई." मी पास झाले आणि दिवसभर काळा हात घेऊन फिरले.

धातू मोजायच्या मशीनला ते 'मशीनबाई' म्हणायचे. तिच्याशी बोलताना त्यांचा आवाज एकदम मऊ व्हायचा. आकडा आला की तो ते मोठ्यानं वाचायचे, खोलीत कुणी असो नसो. आकडा मनासारखा आला नाही तरी त्याच आवाजात. मी एकदा म्हटलं, "सर, हा जरा बाजूला ठेवू या, नमुन्यात काहीतरी गडबड असेल." सर म्हणाले, "गडबड नमुन्यात न्हाई बाई, तुमच्या इच्छेत हाय." त्यानंतर मी तसं कधी म्हटलं नाही.

त्यांची बायको, आमच्या काकू, मस्तगडातल्या त्यांच्या घरी मला हक्कानं जेवायला बसवायच्या आणि ताट वाढता वाढता तक्रारी सांगायच्या. मुख्य तक्रार गच्चीची. शिसं शोषून झालेला, निकामी कोळसा सर कचऱ्यात टाकू द्यायचे नाहीत. तो सिमेंटमध्ये कालवून त्याचे ठोकळे पाडायचे आणि गच्चीवर ओळीनं रचून ठेवायचे.

"लोकाच्या गच्चीवर पापड वाळतात," काकू म्हणायच्या, "आमच्या गच्चीवर शिसं."

"मंग कुठं ठेवू?" सर ताटातून मान वर न करता म्हणायचे. "आपण शिसं संपवत न्हाई. नुसती त्याची जागा बदलतो. मंग ती जागा आपलीच पाहिजे का न्हाई?"

काकू भाकरीचं टोपलं पुढं सरकवायच्या.  

आता त्या वस्तीचं सांगते, कारण सर म्हटलं की मला तीच आठवते.

एमआयडीसीच्या पलीकडं, डांबरी सडक संपते तिथून आत एक वस्ती होती. बाप्ये लोखंडाच्या मिलमध्ये, बाया बियाण्याच्या कारखान्यात निवडाईला. वस्तीच्या विहिरीशेजारी पूर्वी कधीतरी जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं काढायचा एक चोरटा धंदा चालायचा. तो मी तिथं गेले त्याच्याही कितीतरी आधी बंद पडला होता. कुणाचा होता ते कुणाला धड सांगता यायचं नाही. पत्रेसुद्धा कुणी काढून नेले होते. पण जमिनीत मुरलेलं शिसं विहिरीत उतरत राहिलं होतं. आमच्या एका विद्यार्थिनीनं प्रॅक्टिकलसाठी सहज म्हणून त्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं, आणि सरांनी नेहमीच्या आवाजात आकडा वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. आकडा वाचताना सर थांबलेले मी पहिल्यांदाच बघत होते.

पाण्यात विरघळलेल्या शिशाला रंग नाही, वास नाही, चव कळत नाही. वर्षानुवर्षं पोटात जातं आणि लहान लेकरांच्या डोक्यावर परिणाम करतं. वस्तीतल्या लोकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पाणी तर आरशासारखं हाय." खरंच होतं तसं.

सरांनी एक मोठा ड्रम घेतला, त्यात खाली गोटे, वर वाळू, वर आपला कोळसा असे थर भरले, खाली नळ बसवला आणि विहिरीजवळ दगडी ओट्यावर उभा केला. मोटार सुरू केली की विहिरीचं पाणी वरून पडायचं आणि नळातून पिण्याचं पाणी यायचं. दर शनिवारी सर आणि मी नमुना घ्यायला जायचो. बाया हंडे घेऊन उभ्या असायच्या, आणि सर त्यांच्यासमोर बातम्या द्याव्यात तसा मागच्या शनिवारचा निकाल सांगायचे: "नळाच्या पाण्यात शिसं सापडलं न्हाई."

"हरवलं व्हतं का सर?" असं एकदा मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या खिदळल्या. ती गयाबाई.

गयाबाईचा मुलगा आणि सून दोघंही कामावर जायचे. लहान नात दिवसभर गयाबाईच्या कडेवर. त्या फिल्टरची राखण तिनं आपणहून अंगावर घेतली. सकाळी ड्रम पदरानं पुसायचा, नळाखाली कुणाला पाय धुऊ द्यायचे नाहीत, कुणाची बकरी ओट्यावर चढली तर दगड भिरकावायचा. एका शनिवारी आम्ही गेलो तर ड्रमला हळदीकुंकू लावलेलं. सर घाबरले. "गयाबाई, हळद पाण्यात उतरली तर माझं रीडिंग बिघडंल हो!"

"मंग तुमच्या रीडिंगलाच लावते," ती म्हणाली. तेव्हापासून ती कुंकू ओट्याच्या दगडाला लावायची. सरांची हरकत नव्हती.

मला वाटतं, सरांच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे महिने होते. परत येताना मोपेडवर ते मेंढरांना घालायची शीळ घालायचे, इतकी मोठी की रस्त्यावरची माणसं वळून बघायची.

ही बातमी कॉलेजभर झाली, आणि प्राचार्यांनी त्या वस्तीतच एक कार्यक्रम ठरवला. बाहेरून मोठे पाहुणे येणार होते, पुढं अशीच कामं गावोगाव करायला मदत मिळणार होती. मांडव, माईक, नारळ. दिवस उन्हाळ्याचे होते. विहीर तळाला गेली होती, आणि आमच्याकडं विहीर तळाला गेली की पाणी जड होतं. म्हणजे त्यातला चुना, कॅल्शियम, खूप वाढतं. हिवाळ्यात आम्ही कोळसा तपासला होता तो याच विहिरीच्या हलक्या पाण्यावर.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच्या नमुन्यात नळाच्या पाण्यात शिसं आलं. थोडंसं, पण पिण्याच्या पाण्याची जी मर्यादा आहे तिच्या वर. सरांनी तो आकडा पुन्हा पुन्हा काढून बघितला. तोच आला.

सकाळी मी वस्तीत पोचले तेव्हा सर माझ्या आधी आले होते. नळाला त्यांनी तार गुंडाळून टाकली होती आणि स्वतः ओट्यासमोर उभे होते. बाया रिकामे हंडे घेऊन समोर. पाहुण्यांच्या गाड्या सडकेवरून वळताना दिसत होत्या. प्राचार्य घाईनं आले, सरांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "सर, एवढा आजचा दिवस जाऊ द्या. उद्या बंद करा ना."

"आज जे लेकरू पिईल, त्याच्या पोटातलं उद्या निघणार हाय व्हय?" सर म्हणाले. हळू बोलणं त्यांना जमायचं नाही. पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

मग त्यांनी माईक घेतला. "हे पाणी आजपासून प्यायचं न्हाई," ते म्हणाले. आणि का प्यायचं नाही, ते समजावून सांगायला लागले. कोळशातल्या जागा म्हणजे सुट्टी झाल्यावर एमआयडीसीच्या गेटावर थांबलेला टेम्पो. "शिसं बसायच्या आधीच कॅल्शियमवाले गर्दी करून बसले. टेम्पो भरला. शिसं तसंच चालत पुढं आलं." वर्गात याच उदाहरणावर पोरांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तिथं एक माणूस उठून म्हणाला, "मंग दुसरा टेम्पो आणा की मास्तर!" मांडव हसला. दुसरा म्हणाला, "इतके दिवस आमाला काय पाजलं मंग?" यावर कुणी हसलं नाही.

"आजवर बराबर पाजलं," सर म्हणाले. "आता न्हाई. पलीकडच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी मी तपासलंय. ते बिलकुल चांगलं हाय. तिथून आणा."

"मळा काय इथं हाय?" एक बाई ओरडली. "कामावर कवा जायाचं?"

 पाहुणे नारळ न फोडताच गेले.

त्यानंतरचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. कॉलेजनं तो प्रकल्प बंद केला. प्रयोगशाळेमागची भट्टी 'धोकादायक' म्हणून बंद करून हलवली आणि शेडात खुर्च्या रचून ठेवल्या. कुणीतरी ड्रम रिकामा करायच्या आत सर स्वतः जाऊन सगळा कोळसा पोत्यात भरून घेऊन आले, आणि गच्चीवर ठोकळ्यांची नवी ओळ लागली. वस्तीतले लोक पुन्हा विहिरीचं पाणी प्यायला लागले, आरशासारखं. सरांनी नळ योजनेसाठी अर्ज केले, कचेऱ्यांमध्ये बसून राहिले. पाइपलाइन आली, पण पुष्कळ वर्षांनी.

मी मात्र ती मांडवातली गोष्ट दरवर्षी नव्या वर्गाला सांगायचे. समोर पाहुणे, माईक, नारळ, आणि एक माणूस म्हणतो की माझं काम फसलं. मुलं शांत होऊन ऐकायची. मला त्या गोष्टीत कुठंच खोट दिसत नव्हती.

ती सरांनीच दाखवली. ते रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. काकू मुलाकडं गेल्या होत्या आणि सर घरी एकटेच होते. मी दुपारी भेटायला गेले तर मोसंबी सोलत बसले होते. साली सवयीनं बाजूला वाळत घातलेल्या, पुढं त्यांचं काही करायचं नव्हतं तरी.

"ओ बाई, एक विचारू?" ते म्हणाले. "त्या दिवशी नळातून येत व्हतं ते पाणी वाईट, का विहिरीतलं वाईट?"

"विहिरीतलं."

"किती वाईट?"

"पुष्कळच, सर."

"मंग मी बंद काय केलं?"

"नळ," मी म्हणाले.

"कमी वाईट बंद केलं आन् जास्त वाईट चालू ठेवलं," सर म्हणाले. "मर्यादेच्या वर म्हंजे वर, एवढंच मला दिसत व्हतं. मला वाटलं, लोक मळ्यात जातील. कसे जातील? पहाटं उठून भाकरी थापून कामावर पळणाऱ्या बाया त्या. नळ तसाच चालू ठेवून मी चार दिवसांत नवा कोळसा घातला असता तर?"

"भट्टी कॉलेजनं बंद केली ना, सर."

"मी माईकवर टेम्पो चालवला म्हणून केली. गप बसून कोळसा बदलला असता तर पाहुण्यांनी नारळ फोडला असता, पैसा आला असता, दुसरा ड्रम झाला असता. मी खोटं बोललो न्हाई बाई. पण मी काय केलं ते बघा."

मोसंबीच्या फोडी त्यांनी माझ्यापुढं सरकवल्या. स्वतः खाल्ल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "हे त्या लोकांपैकी कुणाला तरी सांगायला पाहिजे. तुम्हाला सांगून काय उपयोग? तुम्ही तर माझ्याच बाजूच्या."

पुढच्याच आठवड्यात मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून वस्तीवर घेऊन गेले. ते फार हलके झाले होते. मागं कुणी बसलंय असं वाटत नव्हतं. वस्ती आता ओळखू येत नव्हती. पक्की घरं, दारोदार नळ, विहिरीवर लोखंडी जाळी. दोन-तीन ठिकाणी विचारलं तेव्हा एका घराच्या ओट्यावर पाय लांब करून बसलेली गयाबाई दिसली. तिनं सरांना लगेच ओळखलं.

"अगं बया, कोळसेवाले सर!" ती म्हणाली. "उठता येत न्हाई मला, रागावू नका. गुडघे गेले दोन्ही."

सर तिच्या शेजारी ओट्यावर टेकले. नात कशी आहे, असं मी विचारलं. नात औरंगाबादला नर्सिंगला होती. "लई हुशार निघाली," गयाबाई म्हणाली. "पोरगी डोक्यानं चांगली निघाली ते सरांच्यामुळं. तुम्ही सांगितलं ना त्या दिवशी, त्यानंतर त्या विहिरीचा थेंब तिच्या तोंडाला लागू दिला न्हाई मी. मळ्यातून आणलं. उन्हाळा बघितला न्हाई, चिखल बघितला न्हाई. नळ येईस्तोवर आणलं. सगळ्या वस्तीनं येडी ठरवली मला. म्हणायचे, कोळसेवाल्यानं हिला मंतरली."



"रोज?" सरांनी विचारलं.

"मंग काय, पाणी काय एक दिवसाआड पितात?" ती हसली आणि गुडघ्यावर हात फिरवला. "हे त्याचंच. डॉक्टर म्हणाला, मावशी, वजन लई वाहिलं तुम्ही."

"गयाबाई," सर म्हणाले, "मला एक सांगायचंय तुम्हाला. म्हणून आलो. त्या दिवशी मी तो नळ बंद केला..."

"बरं केलं की. न्हाई तर आम्ही तेच पीत राह्यलो असतो," ती म्हणाली. मग सरांच्या चेहऱ्याकडं बघून तिचं हसू ओसरलं. "कामून सर? काही चुकलं का माझं? उगाच गेले का मी एवढी वर्सं?"

बोलायला उघडलेलं तोंड सरांनी मिटलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. समोर प्राचार्य असोत, पाहुणे असोत की मशीनबाई असो, जे होतं ते त्यांनी मोठ्यानं वाचलं होतं. मी वाट बघत होते.

"न्हाई," ते म्हणाले. "तुम्ही बराबर केलं. बिलकुल बराबर केलं."

ते खोटं नव्हतं. मळ्यातलं पाणी खरंच चांगलं होतं आणि तिच्या नातीच्या पोटात शिसं गेलं नव्हतं. पण ते सांगायला सर तिथं आले नव्हते.

परत येताना एमआयडीसीच्या गेटासमोर सुट्टीची गर्दी लागली. मोटारसायकली, टेम्पो, हातात डबे घेतलेली माणसं. मी स्कूटी कडेला घेतली. मागून सरांचा आवाज आला, पहिल्यांदाच हळू:

"मी समजत व्हतो, कुणीच ऐकलं न्हाई. ते तरी बरं व्हतं."

पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. आजार फार दिवस नव्हता.

कॉलेजात शोकसभा झाली. सभागृह वरच्या मजल्यावर. तेव्हाचे प्राचार्य आता म्हातारे झाले होते, पण आवर्जून आले होते. मी जिन्याकडं निघाले तर खाली कडुलिंबाच्या पारावर गयाबाई बसलेली. नातीनं रिक्षातून आणून सोडलं होतं आणि ती स्वतः वर सभेला जाऊन बसली होती. गयाबाईला जिना चढणं शक्य नव्हतं. वर भाषणं सुरू झाली होती आणि लाउडस्पीकरमधून खालपर्यंत ऐकू येत होती. मी तिच्याजवळ बसले.

"सर त्या दिवशी काहीतरी सांगायला आल्ते," ती म्हणाली. "माझ्या बडबडीत राह्यलं. तोंडापाशी आल्तं त्यांच्या. तुला ठाऊक हाय का गं?"

ठाऊक नाही म्हणावं, असं माझ्या मनात आलं. सरांनी तिच्यासाठी जे गिळलं ते मी कशाला बाहेर काढू? पण ती माझ्याकडं सरळ बघत होती, आणि ते ऐकायचा हक्क जगात कुणाला असेल तर तिलाच होता. मी सांगितलं. नळाचं पाणी पूर्ण चांगलं नव्हतं, पण विहिरीपेक्षा पुष्कळ बरं होतं. तो चालू ठेवून कोळसा बदलता आला असता. सरांना ते फार उशिरा उमगलं आणि त्याची माफी मागायला ते आले होते.

 वर कुणीतरी सरांच्या निष्ठेविषयी बोलत होतं.

"म्हंजे मला मळ्यात जायाची गरज नव्हती," शेवटी ती म्हणाली.

"कदाचित नव्हती, मावशी."

"मंग तवाच बोलले का न्हाईत?"

"तुम्ही विचारलंत, उगाच गेले का म्हणून. त्यापुढं त्यांना बोलवेना."

 गयाबाईनं पदरानं तोंड पुसलं, डोळे नाही.

"बोलायला पाहिजे व्हतं त्यांनी," ती म्हणाली. "मी रागावले असते. लई रागावले असते. तोंडावर चार शिव्या दिल्या असत्या, आन् मंग जेवू घालूनच पाठवलं असतं." ती थांबली. "आता कुणावर रागावू मी?"

वर दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. तिला उठता येत नव्हतं. मी तिच्याजवळ बसूनच राहिले.